गणना आणि कथन : कॅनडातील युरोपीय वंशमुळाचा प्रश्न

आँतोनीन माये (१९२९–२०२५) या अकेडियन लेखिकेच्या ‘ला सागुईन’ (१९७१) या स्वगतमालेत जनगणनेचा एक प्रसंग आहे. फरशा पुसून पोट भरणारी, सत्तरी ओलांडलेली एक कोळीण बोलते आहे. गणक दारात येऊन तिचे राष्ट्रीयत्व विचारतात आणि ती विचारात पडते. अमेरिकन म्हणावे तर ते शेजारच्या देशातले पैसेवाले लोक. फ्रेंच म्हणावे तर ते फ्रान्समध्ये राहणारे. फ्रेंच कॅनडियन म्हणावे तर ती क्वेबेकची मंडळी. शेवटी ती ‘अकेडियन’ असे उत्तर देते. त्यावर अकेडिया नावाचा देश भूगोलाच्या पुस्तकात नाही, तेव्हा असे राष्ट्रीयत्वही असू शकत नाही, असे गणक तिला सुनावतात. अखेर त्यांनी आपल्याला आदिवासींच्या रकान्यात ढकलले असावे, अशी तिची समजूत होते.

प्रसंग विनोदी आहे आणि रंगभूमीवर तो तसाच घेतला जातो. परंतु त्यातील विसंगती तपासून पाहण्याजोगी आहे. अकेडियन लोकांचे पूर्वज सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून फ्रान्समधून येऊन आजच्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर वसले. पोर्ट रॉयलची वसाहत १६०५ ची, म्हणजे क्वेबेक शहराच्याही आधीची. कॅनडात ज्यांचे युरोपीय मूळ सर्वांत जुने आणि कागदोपत्री उत्तम नोंदलेले आहे, अशा समाजातील ही स्त्री आहे. तरीही गणकाच्या कागदावर तिच्यासाठी जागा नाही. पूर्वज कोण होते याची माहिती असणे आणि आपले मूळ सांगता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांगण्यासाठी कोणी तरी विचारावे लागते, आणि विचारणाऱ्याच्या यादीत ते नाव असावे लागते. कॅनडातील युरोपीय वंशमुळाचा विचार करताना जनगणना व वाङ्मय ही दोन्ही कथने म्हणून शेजारी ठेवून वाचली, तर या अंतराचा उलगडा होऊ लागतो.

कॅनडाच्या जनगणनेतील ‘एथ्निक ओरिजिन’ या संज्ञेला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘वंश’ म्हटले की रक्त आणि वर्ण सुचतो. ‘कुळ’ म्हटले की कुलदैवत आणि सोयरीक. त्यातल्या त्यात ‘मूळ गाव’ हा प्रयोग जवळचा वाटतो, कारण तीन पिढ्या मुंबईत काढलेला माणूसही विचारल्यावर कोकणातले एखादे गाव सांगतो, मग तेथे त्याचे घर उभे असो वा नसो. प्रस्तुत लेखात ‘वंशमूळ’ हा शब्द अशाच सैल अर्थाने योजला आहे.

शिरगणतीची कॅनडातील परंपरा जुनी आहे. फ्रेंच वसाहतीचा प्रशासक झाँ तालों याने १६६६ मध्ये घरोघर जाऊन केलेल्या मोजणीत ३,२१५ वसाहतवाले भरले. आदिवासी या मोजणीच्या बाहेर होते. १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने पाठवलेल्या सुमारे आठशे तरुणींमुळे तेथे कुटुंबे उभी राहिली. संपूर्ण फ्रेंच राजवटीत फ्रान्समधून येऊन कायमचे राहिलेले लोक दहा हजारांच्या आसपासच असावेत; तरी १७६३ च्या पॅरिस तहाने वसाहत ब्रिटिशांकडे गेली तेव्हा लोकसंख्या सत्तर हजारांच्या जवळ पोचली होती. पुढची वाढही प्रामुख्याने जन्मांतून झाली. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या चर्चमधील नोंदी इतक्या सलग टिकल्या आहेत की माँट्रियल विद्यापीठात १९६६ मध्ये सुरू झालेल्या ऐतिहासिक लोकसंख्याशास्त्राच्या प्रकल्पाला त्यांवरून वसाहतीतील कुटुंबांचे वंशवृक्ष जुळवता आले. क्वेबेकमधील सामान्य शेतकरी कुटुंबालाही पहिला पूर्वज कोण, तो फ्रान्सच्या कोणत्या परगण्यातून आला, हे बहुधा सांगता येते. युरोपातील अनेक सरदार घराण्यांनाही हेवा वाटावा असा हा दस्तऐवज आहे.

या लोकांनी स्वतःला दिलेले नाव मात्र फ्रेंच नव्हते. सेंट लॉरेन्सच्या खोऱ्यात जन्मलेले ते ‘कानादियँ’, फ्रान्सहून बदलीवर आलेले अधिकारी ते फ्रेंच, आणि १७६३ नंतर आलेले ते ‘आंग्ले’, हा भेद त्यांच्या बोलण्यात दीर्घकाळ टिकला. ‘कॅनडियन’ हे नाव मुळात एका युरोपीय गटाने युरोपपासून स्वतःला वेगळे दाखवण्यासाठी वापरलेले नाव आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण विसाव्या शतकाच्या अखेरीस जनगणनेच्या तक्त्यांत तिचे पडसाद उमटतात.

१८६७ च्या संघराज्यस्थापनेनंतरची पहिली जनगणना १८७१ मध्ये झाली. ब्रिटिश साम्राज्यात मोजणीचा उत्साह या सुमारास सर्वत्रच होता. हिंदुस्थानातील पहिली देशव्यापी खानेसुमारी १८७२ ची आहे. हिंदुस्थानात सरकारने जात विचारली, कॅनडात ‘ओरिजिन’ विचारले. चार मूळ प्रांतांतील सुमारे ३४ लाख ८५ हजार लोकांत फ्रेंच मुळाचे १० लाख ८३ हजार, आयरिश ८ लाख ४६ हजार, इंग्लिश ७ लाख ६ हजार, स्कॉटिश साडेपाच लाख आणि जर्मन २ लाख ३ हजार असे आकडे निघाले. ज्याला ढोबळपणे ‘इंग्रजी कॅनडा’ म्हटले जाते त्यात इंग्लिश लोकांपेक्षा आयरिश अधिक होते, हे पाहून आजचा वाचक चकित होतो. त्या आयरिशांतही एकजिनसीपणा नव्हता. आँटॅरिओत बहुसंख्य आयरिश प्रॉटेस्टंट होते, तर १८४७ च्या दुष्काळातून सुटून ग्रोस ईल या बेटावरील विलगीकरण केंद्रात पोचलेले बहुतेक कॅथलिक होते. त्या एकाच वर्षी तेथे पाच हजारांहून अधिक माणसे पुरली गेली. तक्त्यात दोघांचा रकाना एक.

या मोजणीचा एक नियम साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. १९७१ पर्यंत युरोपीय माणसाचे मूळ केवळ पित्याकडून धरले जाई. आई कोणत्याही गटाची असो, उत्तर एकच द्यायचे. एकाहून अधिक मुळे नोंदवण्यास वाव मिळाला तो १९८१ मध्ये. शंभरांहून अधिक वर्षे आईचे घराणे, तिची भाषा, तिच्याकडून आलेल्या ओव्या-कहाण्या या गणनेच्या हिशेबी नव्हत्याच. उलट कथा-कादंबऱ्यांत व आत्मचरित्रांत मूळ जपले जाते ते बहुधा आजीच्या तोंडी. माये यांच्या ‘पेलाजी-ला-शारेत’ (१९७९) या कादंबरीत ब्रिटिशांनी १७५५ पासून हद्दपार केलेले अकेडियन लोक जॉर्जियापासून बैलगाडीने दहा वर्षे चालत मायदेशी परततात आणि या तांड्याची नायिका एक विधवा आहे. फ्रान्सचा गोंकूर पुरस्कार या कादंबरीला मिळाला.

जनगणनेतील उत्तरे ही परिस्थितीनुसार दिलेली उत्तरे असतात, याचा सर्वांत बोलका पुरावा पहिल्या महायुद्धाने ठेवला. १९११ मध्ये जर्मन मुळाची माणसे सुमारे चार लाख नोंदली गेली होती. १९२१ मध्ये ती तीन लाखांच्याही आत आली. याच दशकात डच मुळाच्या लोकांची संख्या सुमारे ५५ हजारांवरून १ लाख १७ हजारांवर गेली. एवढे डच जहाजांतून उतरले नव्हते. आँटॅरिओतील बर्लिन नावाच्या गावाने १९१६ मध्ये किचनर हे नाव घेतले, आणि त्या काळात कित्येक घरांनीही आपले मूळ बदलून घेतले असे दिसते. मेनोनाइट पंथीयांसारख्या काहींच्या बाबतीत डच हे उत्तर इतिहासाला धरूनही होते, कारण त्यांचे दूरचे पूर्वज खरोखरच नेदरलँड्समधून प्रशिया व रशियाकडे गेले होते. म्हणजे उत्तर खोटेच होते असेही नाही. दोन खऱ्या उत्तरांपैकी त्या वर्षी सुरक्षित असलेले त्यांनी निवडले.

या पार्श्वभूमीवर फ्रेडरिक फिलिप ग्रोव्ह या कादंबरीकाराचे प्रकरण केवळ चरित्रात्मक कुतूहलाचे राहत नाही. ‘सेटलर्स ऑफ द मार्श’ (१९२५) ही त्याची कादंबरी प्रेअरीवरील वास्तववादी लेखनाचा आरंभ मानली जाते. तिचा नायक निल्स लिंडस्टेट हा मॅनिटोबातील पाणथळ जमीन फोडणारा स्वीडिश शेतकरी. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन सर्च ऑफ मायसेल्फ’ या आत्मचरित्रात ग्रोव्हने स्वतःलाही स्वीडिश पिता व स्कॉटिश माता यांचा, मोठ्या जमीनदार घराण्यातील मुलगा म्हणून उभे केले. ललितेतर लेखनाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार या पुस्तकाला देण्यात आला. ग्रोव्ह १९४८ मध्ये वारला. पुढे १९७१ मध्ये डी. ओ. स्पेटिग या संशोधकाला असे आढळले की हा माणूस म्हणजे फेलिक्स पाउल ग्रेव्ह हा जर्मन लेखक-अनुवादक होय; त्याचा जन्म १८७९ मधील, फसवणुकीबद्दल त्याने तुरुंगवास भोगलेला, आणि १९०९ मध्ये आत्महत्येचा बनाव करून तो जर्मनीतून नाहीसा झालेला. १९१२ च्या अखेरीस तो मॅनिटोबात शिक्षक म्हणून प्रकटला.

ग्रोव्हच्या बनावाकडे टीकाकारांनी पुष्कळदा नैतिक दृष्टीने पाहिले आहे. तो न्याय अपुरा वाटतो. युरोपातून आलेल्या प्रत्येकाला कॅनडाच्या बंदरावर आपली गोष्ट नव्याने सांगावी लागत होती आणि कोणत्या गोष्टीला किती किंमत आहे याचा भाव ठरलेला होता. स्वीडिश असणे वरच्या भावाचे होते. ग्रोव्हने जी गोष्ट निवडली ती त्या बाजारात चालणारी होती; इतरांनी जे रकान्यात केले ते त्याने तीन-चारशे पानांत केले, एवढाच फरक. याची दुसरी बाजू ‘ग्रे आउल’ या नावाने गाजलेल्या लेखकात दिसते. आपला पिता स्कॉट व माता अपाची असल्याचे सांगणारा हा वनरक्षक लेखक प्रत्यक्षात इंग्लंडमधील हेस्टिंग्जचा आर्चिबाल्ड बेलेनी (१८८८–१९३८) होता, हे त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. येथे मात्र सौम्यपणे बोलणे अवघड आहे. ज्यांच्याकडून भूमी घेतली त्यांचे नावही घेण्याची मुभा युरोपीय माणसाला होती. उलट दिशेने असा प्रवास करण्याची सोय आदिवासी माणसाला क्वचितच होती.

भाव ठरवण्याचे काम सरकारी धोरण करीत होते. १८९६ ते १९०५ या काळात गृहखात्याचा मंत्री असलेल्या क्लिफर्ड सिफ्टनने प्रेअरीच्या रिकाम्या नकाशासाठी पूर्व युरोपातील कष्टाळू शेतकरी मागवले. १८९१ ते १९१४ या अवधीत सुमारे १ लाख ७० हजार युक्रेनी आले, आणि त्यांची नोंद गॅलिशियन, बुकोव्हिनियन, रुथेनियन, ऑस्ट्रियन अशा नाना नावांनी झाली. स्वतःचे नाव त्यांना मागाहून मिळाले. ते ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे प्रजाजन असल्यामुळे महायुद्धात ‘शत्रुदेशीय’ ठरले. छावण्यांत डांबलेल्या साडेआठ हजारांवर माणसांत बहुसंख्य तेच होते. याच काळात आशियाई माणसाला दार बंद होते: १९०८ च्या ‘अखंड प्रवासा’च्या नियमाचा रोख हिंदुस्थानातून येणाऱ्यांवर होता, आणि त्याच नियमाने १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ व्हँकूवरहून परत पाठवली गेली. प्रवेशाच्या नियमांतील वंशभेद १९६२ मध्ये काढला गेला आणि १९६७ मध्ये गुणांकन पद्धत आली. तेव्हा कॅनडाची लोकसंख्या दीर्घकाळ बहुतांशी युरोपीय राहिली याला भूगोलाइतकाच कायदाही कारण आहे.

तक्त्यात ज्याला जागा नाही अशी एक गोष्ट म्हणजे लेखनाची भाषा. स्टीफन जी. स्टीफनसन (१८५३–१९२७) हा कवी आइसलँडमधून १८७३ मध्ये अमेरिकेत आला आणि १८८९ मध्ये अल्बर्टात येऊन शेती करू लागला. दिवसा नांगर आणि रात्री कविता, असा त्याचा क्रम होता. त्याच्या संग्रहाच्या नावाचा अर्थही जागरणाच्या रात्री असा आहे. त्याने आयुष्यभर आइसलँडिक भाषेत लिहिले आणि त्या भाषेतील श्रेष्ठ कवींत त्याची गणना होते. त्याचे नावही मुळातील नव्हे: आइसलँडच्या रीतीनुसार आडनाव नसून पित्याचे नाव लावले जाते, आणि अमेरिकेत आल्यावर त्याने ते बदलून घेतले. पित्याचे नाव मधे लावणाऱ्या मराठी वाचकाला ही अडचण परकी वाटणार नाही. इंग्रजीत लिहिल्या गेलेल्या कॅनडियन वाङ्मयाच्या इतिहासात मात्र हा कवी तळटिपेत भेटतो. इलिया किरियाकची ‘सीनी झेम्ली’ ही युक्रेनी शेतकऱ्यांच्या वसाहतीवरील त्रिखंड कादंबरी (१९३९–४५) हिचीही तीच गत. सूझाना मूडीचे ‘रफिंग इट इन द बुश’ (१८५२) इंग्रजीत असल्याने राष्ट्रीय वाङ्मयाचे मूळ ठरले. मार्गारेट ॲटवुडने १९७० मध्ये तिच्यावर कवितामाला लिहून त्या स्थानाला दुजोरा दिला. मूडीचे पुस्तक थोर आहे यात शंका नाही. पण कोणत्या युरोपीयाच्या आठवणीला राष्ट्राची आठवण म्हणायचे, हे भाषेने ठरवले.

आइसलँडिक लोकांच्या कथेला आणखी एक पदर आहे. १८७५ मध्ये मॅनिटोबातील गिमली येथे त्यांची ‘नवी आइसलँड’ वसली ती आदिवासींच्या राहत्या भूमीवर. पुढच्याच वर्षी आलेल्या देवीच्या साथीत शंभरावर आइसलँडिक माणसे गेली, आणि सरोवराकाठच्या क्री व ओजिब्वे वस्त्यांची हानी त्याहून भयंकर झाली. वसाहतीच्या स्मरणग्रंथांत पहिला भाग विस्ताराने येतो.

युरोपीय वंशमुळाच्या हिशेबात न बसणारा समाज म्हणजे मेटी. फर-व्यापारात आलेले फ्रेंच व स्कॉटिश पुरुष आणि क्री, ओजिब्वे स्त्रिया यांच्या संततीतून रेड नदीच्या परिसरात स्वतःची भाषा व जाणीव असलेला हा लोकसमूह घडला. पितृवंशाचा नियम सरळ लावला असता तर त्यांतील पुष्कळ जण स्कॉट वा फ्रेंच ठरले असते. तो तसा लावला गेला नाही: १९०१ च्या सूचनांनुसार गोऱ्या व अन्य वर्णाच्या पालकांची संतती अन्य वर्णात धरायची होती. युरोपीयत्व बापाकडून मिळे, पण आई युरोपीय असेल तरच. मारिया कॅम्पबेलच्या ‘हाफब्रीड’ (१९७३) या आत्मचरित्रात स्कॉटिश आडनाव आहे, स्कॉटिश पणजोबा आहे. परंतु कथनाचा आधार आहे ती ‘चीचम’ ही मेटी पणजी. रस्त्यांसाठी राखून ठेवलेल्या सरकारी पट्ट्यांवर झोपड्या घालून राहणाऱ्या लोकांचे हे जगणे आहे. या पुस्तकाच्या हस्तलिखितातून घोडदळी पोलिसांच्या अत्याचाराविषयीचा मजकूर प्रकाशनापूर्वी वगळला गेला होता. तो २०१८ मध्ये सापडला आणि २०१९ च्या आवृत्तीत पुन्हा समाविष्ट झाला. मेटींना आदिवासी लोकसमूह म्हणून राज्यघटनेत मान्यता मिळाली ती १९८२ मध्ये.

यानंतर अलीकडचे आकडे वाचावेत. ‘कॅनडियन’ हे उत्तर १९९१ पर्यंत थोडेच लोक देत. १९९६ च्या अर्जात ते उदाहरणादाखल छापले गेले आणि सुमारे ८८ लाख लोकांनी ते दिले. २००१ मध्ये ही संख्या १ कोटी १७ लाखांवर गेली. यांत मोठा भाग ज्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या येथे आहेत अशा क्वेबेक व अटलांटिक प्रांतांतील कुटुंबांचा होता. क्वेबेकमधील फ्रेंच भाषकाने ‘कानादियँ’ लिहिले तेव्हा त्याला संघराज्य अभिप्रेत होते की आजोबांच्या तोंडचे जुने नाव, हे तक्ता सांगू शकत नाही. २०१६ मध्ये १ कोटी ११ लाख लोक या उत्तराचे होते. २०२१ मध्ये अर्जातील उदाहरणे काढून टाकून त्यांच्या जागी पाचशेहून अधिक मुळांच्या यादीचा निर्देश देण्यात आला, आणि ‘कॅनडियन’ ५७ लाखांवर आले. पाच वर्षांत पन्नास लाखांहून अधिक माणसांचे पूर्वज बदलले नाहीत, कागद बदलला. त्या वर्षी इंग्लिश ५३ लाख, आयरिश व स्कॉटिश प्रत्येकी ४४ लाख, फ्रेंच ४० लाख, जर्मन ३० लाख असे आकडे नोंदले गेले, आणि एकाहून अधिक उत्तरे चालत असल्याने एकच माणूस यांतील दोन-तीन रकान्यांत असू शकतो.

या ४४ लाख स्कॉटिशांच्या संदर्भात अलिस्टर मॅक्लाउडची ‘नो ग्रेट मिस्चिफ’ (१९९९) ही कादंबरी पाहावी. १७७९ मध्ये केप ब्रेटनला आलेल्या तांबड्या केसांच्या मॅक्डॉनल्ड पूर्वजाचा वंश दोनशे वर्षांनीही परस्परांना गेलिक संबोधनांनी ओळखतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गेलिक ही कॅनडात इंग्रजी व फ्रेंच यांच्याखालोखाल बोलली जाणारी युरोपीय भाषा होती. आज ती बोलणारे काही हजारांपुरते आहेत. स्कॉटिश हे उत्तर मात्र लाखोंच्या ओठी आहे. कादंबरीचा निवेदक दातांचे व्यंग सुधारणारा सुखवस्तू डॉक्टर आहे आणि त्याचा थोरला भाऊ टोरांटोतील एका खोलीत दारूत बुडालेला. दोघांचे वंशमूळ एकच. गेलिक गाणे पुरते येते ते भावाला.

सागुईनला हवा असलेला ‘अकेडियन’ हा शब्द आज जनगणनेच्या यादीत आहे. ती ज्या बोलीत बोलते तिच्यातील शब्द फ्रान्समध्ये केव्हाच लुप्त झालेले, सोळाव्या शतकातील राबलेच्या ग्रंथांत सापडणारे आहेत. माये यांचा राबले आणि अकेडियन लोकपरंपरा यांवरील प्रबंध ‘ला सागुईन’च्याच वर्षी, १९७१ मध्ये, लाव्हाल विद्यापीठाच्या मुद्रणालयातून प्रसिद्ध झाला.